इशाऱ्यातली लाट आणि दर्यातली लाट

अरबी समुद्रात एखादे चक्रीवादळ उठले की वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर जो इशारा झळकतो त्यात 'साडेतीन ते साडेचार मीटर उंचीच्या लाटा' असा काहीसा मजकूर असतो, आणि वाचणाऱ्याची साहजिकच अशी समजूत होते की समुद्रात उठणारी सर्वांत मोठी लाट फार तर तेवढी असेल. वस्तुस्थिती तशी नाही. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच १९९९ साली स्थापन झालेली आणि 'इन्कॉइस' या नावाने ओळखली जाणारी संस्था, जो आकडा जाहीर करते त्याला समुद्रशास्त्रात 'लक्षणीय उंची' म्हणतात. ठरावीक वेळात एका ठिकाणाहून गेलेल्या सर्व लाटा उंचीप्रमाणे लावल्या, त्यांतल्या वरच्या एकतृतीयांश लाटा वेगळ्या काढल्या आणि त्यांची सरासरी घेतली की ही लक्षणीय उंची मिळते. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी दोस्त राष्ट्रांना लाटांचा अंदाज हवा होता, त्या कामात हॅराल्ड स्वेर्ड्रुप आणि वॉल्टर मंक या शास्त्रज्ञांनी ही मोजणी रूढ केली. अनुभवी खलाशी नुसत्या नजरेने लाटेची जी उंची सांगतो तिच्याशी ही सरासरी बऱ्यापैकी जुळते, हा तिचा मोठा गुण होय.

परंतु होडीची गाठ सरासरीशी पडत नाही, एकेका लाटेशी पडते. लाटांच्या उंचीची वाटणी कोणत्या नियमाने होते हे मायकेल लाँगे-हिगिन्स यांनी १९५२ मध्ये गणिताने दाखवून दिले, आणि त्या नियमाप्रमाणे एक हजार लाटांमधली सर्वांत मोठी लाट लक्षणीय उंचीच्या साधारण १.८६ पट भरते. दहा सेकंदांनी एक लाट येत असेल तर हजार लाटा जायला तीन तासही लागत नाहीत. म्हणजे चार मीटरच्या इशाऱ्यात पुरे तीन तास समुद्रात राहिलेल्या नौकेने साडेसात मीटरची एक लाट गृहीतच धरली पाहिजे. तीत अनपेक्षित असे काही नाही. लक्षणीय उंचीच्या दुपटीहून मोठी लाट आली तरच शास्त्रज्ञ तिला राक्षसी लाट म्हणतात. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातील ड्राउप्नर या वायुवाहिन्यांच्या मंचावर बसवलेल्या लेसर यंत्राने सुमारे १२ मीटर लक्षणीय उंचीच्या समुद्रात २५.६ मीटरची लाट नोंदवली, तेव्हा नाविकांच्या गप्पांत शोभणाऱ्या या लाटेला प्रथमच मोजमापाचा भक्कम पुरावा मिळाला.

मुळात लाट मोजायची कशी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, कारण समुद्रावर पट्टी टेकवायला स्थिर जागाच नसते. मुंबईतल्या वर्सोव्याच्या किनाऱ्याला या विषयात एक विशेष स्थान आहे. गोव्यात दोनापावला येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुंबईचे प्रादेशिक केंद्र जवळच चार बंगल्यात आहे, १९६१ पासूनची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था यारी रोडलगत आहे, आणि इन्कॉइसने देशाच्या किनाऱ्यालगत लाटा मोजण्यासाठी जे बोये सोडले आहेत त्या जाळ्यात रत्नागिरी, कारवार यांच्याबरोबर वर्सोव्याचेही नाव आहे. हा बोया, ज्याला 'वेव्ह रायडर' म्हणतात, म्हणजे मीटरभराहून थोडा लहान, पिवळ्या रंगाचा पोकळ गोळा असतो. त्याला तळाशी नांगरलेले असते, पण नांगर आणि गोळा यांच्यामध्ये लांब रबरी दोर असतो, जो ताणला जाऊन बोयाला लाटेबरोबर मोकळेपणाने वर-खाली होऊ देतो. गोळ्याच्या पोटातले यंत्र उंची मोजतच नाही, ते त्वरण मोजते: लिफ्ट सुटताना पायांवर जो दाब जाणवतो तोच हे यंत्र सेकंदाला एकाहून अधिक वेळा टिपत राहते, आणि त्या नोंदींची गणिताने दोनदा बेरीज केली की पाणी किती चढले-उतरले ते कळते. दिशादर्शक यंत्रणेमुळे लाट कोणत्या बाजूने आली हेही समजते. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदींवरून लक्षणीय उंची, लाटांचा आवर्तकाल, म्हणजे दोन शिखरांमधले सेकंद, आणि दिशा ही माहिती किनाऱ्याकडे धाडली जाते.

नेहमीच्या पावसाळी समुद्रात हे यंत्र उत्तम चालते, मात्र जेव्हा त्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच ते कच खाऊ लागते. अतिशय उभट लाट आली की मोकळा बोया शिखरावर चढण्याऐवजी त्याला बगल देऊन बाजूने निसटतो, किंवा दोर ताणला गेल्यामुळे शिखराच्या आतून ओढला जातो, आणि दोन्ही प्रकारांत नोंदीतली लाट खऱ्या लाटेपेक्षा ठेंगणी निघते. फार मोठ्या वादळात दोर तुटून बोया भरकटतो. खोल समुद्रात चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे मोठे बोये आहेत, त्यांवर वारा, हवेचा दाब आणि पाण्याचे तापमान मोजणारी यंत्रेही असतात. परंतु तरंगत्या वस्तूखाली मासळी जमते म्हणून तेथे नौका बांधल्या जातात, त्यात यंत्रांची मोडतोड होते, आणि पुढच्या वादळात नेमक्या त्या ठिकाणची नोंद मिळत नाही. ज्यांच्यासाठी इशारा काढायचा त्यांच्याच दोराने इशाऱ्याचे यंत्र बंद पडावे ही या साऱ्या व्यवहारातली विचित्र बाब आहे, तरी तिचा दोष केवळ मच्छीमारांवर टाकून भागणार नाही, कारण त्या बोयाचा आपल्याशी काय संबंध हे त्यांना पुरेसे सांगितले गेलेले नाही. या साऱ्या अडचणींतूनही बोयाने मोजलेल्या लक्षणीय उंचीचा जागतिक हवामान संघटनेने मान्य केलेला विक्रम १९ मीटरचा आहे. तो ४ फेब्रुवारी २०१३ रोजी आइसलँड आणि ब्रिटन यांच्या दरम्यान नोंदवला गेला.

वाऱ्याचे मोजमाप लाटेपेक्षाही निसरडे असते. 'ताशी १२० किलोमीटर' म्हणताना तो वेग समुद्रसपाटीपासून १० मीटर उंचीवरचा धरतात, पण सरासरी किती वेळाची हे देशागणिक बदलते: भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी घेतो, अमेरिकेत एक मिनिटाची घेतात, तर जागतिक हवामान संघटनेचा दंडक दहा मिनिटांचा आहे, त्यामुळे एकाच वादळाचे दोन ठिकाणी दोन आकडे वाचायला मिळाले तर कोणीतरी चुकलेच असेल असे नाही. बोयावरचे वातमापक पाण्यापासून जेमतेम तीन-चार मीटर उंचीवर असते, आणि लाटा आठ-दहा मीटरच्या झाल्या की बोया दोन शिखरांमधल्या खळग्यात उतरताच वारा डोक्यावरून निघून जातो, म्हणून तेथली नोंद हमखास कमी भरते.

उपग्रहांनी ही उणीव बरीचशी भरून काढली आहे, पुरती नाही. भारताचे ओशनसॅट-२ (२००९), स्कॅटसॅट-१ (२०१६) आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलेला ओशनसॅट-३ यांवर स्कॅटरोमीटर नावाचे रडार बसवले गेले. वाऱ्याने पाण्यावर उठणाऱ्या इवल्या तरंगांवरून रडारचे किरण किती परततात यावरून ते वाऱ्याचा वेग आणि दिशा काढते. २०१३ मध्ये फ्रान्सच्या सहकार्याने सोडलेल्या सरल उपग्रहावर उंची मोजणारे रडार होते: वरून सोडलेली लहर आधी शिखरांवरून आणि क्षणार्धाने खळग्यांवरून परतते, म्हणून परतीची लहर जितकी लांबट तितक्या लाटा उंच. दोन्ही साधने कौतुकास्पद असली तरी पहिल्याची दृष्टी मुसळधार पावसात अंधुक होते, आणि वारा ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास गेला की पृष्ठभाग इतका फेसाळतो की वेग आणखी वाढला तरी परतणाऱ्या किरणांत फारसा फरक पडत नाही. दुसरे आपल्या वाटेखालची काही किलोमीटर रुंदीची पट्टी तेवढी पाहते, आणि वादळ त्या पट्टीत सापडेल याची हमी नसते. अमेरिकेत चक्रीवादळाच्या डोळ्यापर्यंत विमाने जातात आणि हवाई छत्रीला बांधलेली यंत्रे खाली सोडतात. हिंदी महासागरात अशी नियमित उड्डाणे होत नाहीत. येथे वादळाची तीव्रता मुख्यतः ढगांच्या आकारावरून, व्हर्नन द्वोराक यांनी १९७० च्या दशकात घडवलेल्या पद्धतीने, ताडली जाते. तेव्हा अरबी समुद्रातल्या वादळाचा जो कमाल वेग बातमीत येतो तो बहुधा मोजलेला नसतो, जाणकारांनी ठरवलेला असतो, एवढे भान ठेवूनच तो वाचणे बरे.

इतक्या विरळ नोंदींमधली पोकळी प्रतिमाने भरून काढतात. प्रतिमान म्हणजे संगणकावर मांडलेला समुद्र: त्याचे चौकोन पाडायचे, आणि प्रत्येक चौकोनात वेगवेगळ्या आवर्तकालांच्या व दिशांच्या लाटांमध्ये किती ऊर्जा आहे याचा हिशेब तासातासाला पुढे न्यायचा. जमेच्या बाजूला वाऱ्याने दिलेली ऊर्जा. खर्चाच्या बाजूला शिखरे फुटून फेसात आणि तळाशी घर्षणात गेलेली. आणि तिसरा, अधिक गूढ भाग म्हणजे लाटांची आपसातली देवाणघेवाण, जिच्यामुळे आखूड लाटांकडची ऊर्जा हळूहळू लांब लाटांकडे सरकते. ही देवाणघेवाण क्लाउस हासेलमान यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी समीकरणांत बसवली, आणि १९८८ मधील 'वॅम', नंतरचे अमेरिकी 'वेव्हवॉच' आणि किनारपट्टीसाठी डेल्फ्ट येथे घडलेले 'स्वान' ही आजची सारी प्रतिमाने त्याच पायावर उभी आहेत.

प्रतिमानाची खरी दुखरी नस मात्र वारा ही आहे. लाटेची उंची ढोबळमानाने वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे वाऱ्यात दहा टक्के चूक झाली तर लाटेत वीस टक्क्यांची होते. आणि जगभराचे हवामान मांडणारी प्रतिमाने मोठ्या चौकोनांत विचार करतात, तर चक्रीवादळाच्या डोळ्याभोवतीचे सर्वांत भयंकर कडे त्या मानाने अरुंद असते, म्हणून त्यांच्या हिशेबात वादळ बोथट होऊन येते. यावर उपाय म्हणून केंद्रातला दाब आणि कमाल वाऱ्याचे केंद्रापासूनचे अंतर अशा मोजक्याच गोष्टींवरून वादळाच्या वाऱ्याचा नकाशा काढण्याचे सूत्र वापरतात. ग्रेग हॉलंड यांचे १९८० चे सूत्र त्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे. दुसरी अडचण २००३ मध्ये पुढे आली. वारा जितका जोराचा तितका तो पाण्याला अधिक घट्ट पकडतो असे तोवर धरले जात होते, परंतु मार्क पॉवेल आणि सहकाऱ्यांनी विमानातून सोडलेल्या यंत्रांच्या नोंदी तपासून दाखवले की ताशी साधारण १२० किलोमीटरच्या पुढे ही पकड वाढायची थांबते. फेस आणि तुषार यांचा थर वारा आणि पाणी यांच्यामध्ये येतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. जुना नियम तसाच पुढे ओढला तर मोठ्या वादळातल्या लाटा आणि किनाऱ्यावर चढणारे पाणी दोन्ही फुगवून सांगितले जातात.

वादळ कोणत्या बाजूने गेले यावर किती काही अवलंबून असते हे मुंबईने एका वर्षाच्या अंतराने पाहिले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो, त्यामुळे केंद्राच्या उत्तरेला असलेल्या मुंबईवर तो पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता आणि पाण्याला किनाऱ्यापासून दूर लोटत होता. श्रीवर्धन, दापोली या भागांनी मात्र वादळाची उजवी बाजू सोसली. उजवी बाजू वाईट अशासाठी की तेथे फिरत्या वाऱ्याच्या वेगात वादळाच्या स्वतःच्या चालीची भर पडते, आणि वादळ ज्या दिशेला निघाले त्याच दिशेला लाटाही निघत असल्याने त्या बराच काळ वाऱ्याच्या तडाख्यात राहून वाढत जातात. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' मुंबईच्या पश्चिमेकडून, सुमारे दीडशे किलोमीटरवरून, उत्तरेला गुजरातकडे गेले, आणि या वेळी उजव्या बाजूला मुंबई होती. कुलाब्यात वाऱ्याच्या झोतांनी ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडली. वादळ पुढे सरकले तसा वारा वळत जाऊन थेट समुद्रावरून येऊ लागला. किनाऱ्यापासून दूर, हीरा तेलक्षेत्राच्या परिसरात, 'पी-३०५' हा निवासी बार्ज नांगर सुटून भरकटला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसे होती, त्यांपैकी सत्तरहून अधिक दगावली. मुंबई शहराने जी वादळाची कड पाहिली आणि त्या बार्जने जे पाहिले, त्यांत वाऱ्याच्या वेगातला फरक दुपटीच्या आत होता, परंतु लाटांच्या भाषेत तो फरक फार मोठा होतो.

शहराला कमी लाट लागण्याचे आणखी एक कारण पाण्याखाली आहे. मुंबईसमोरचा समुद्रबूड उथळ उतार शेकडो किलोमीटर रुंद आहे. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर असूनही तेथे पाणी ७५ मीटरच्या आसपासच खोल आहे. लाटेला तळ जाणवू लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर, आणि दहा सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे १५६ मीटर असते, म्हणजे अशी लाट मुंबई हायपासूनच तळाला घासत येते आणि वाटेत ऊर्जा गमावत जाते. अखेरीस उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊणपटीवर पोचली की ती फुटते. त्यामुळे वर्सोव्याच्या वाळूजवळ किती मोठी लाट पोचेल हे बाहेरच्या वादळापेक्षा त्या घटकेच्या भरतीवर जास्त अवलंबून असते. मुंबईत उधाणाच्या आणि भांगाच्या भरतीत मोठी तफावत असते, आणि उधाणाची भरती व वादळाने चढवलेले पाणी एका वेळी आले की चार मीटर खोलीच्या जागी सहा मीटर होऊन लाट तितकीच मोठी होऊन आत येते. खाडीच्या तोंडाशी, मढ आणि वर्सोवा यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेवर, परिस्थिती वेगळ्याच कारणाने बिघडते: ओहोटीचे पाणी वेगाने बाहेर पडत असताना आत येणारी लाट त्याला भिडते, आखूड होते आणि उभी राहते, त्यामुळे कागदावर दीड मीटरची असलेली लाट होडीला उलथवण्याइतकी उभट होऊ शकते. प्रतिमानांत हा प्रवाह घातलेला नसेल तर हे संकट त्यांना दिसतच नाही.

वादळ दूर असले म्हणजे धोका दूर, असेही समजण्याचे कारण नाही. लांब लाटा आखूड लाटांपेक्षा वेगाने जातात. पंधरा सेकंदांच्या लाटांची ऊर्जा खोल पाण्यातून ताशी सुमारे ४२ किलोमीटरने पुढे सरकते, म्हणून मंदगती वादळाच्या लाटा त्याच्या आधीच किनारा गाठतात. जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूर गुजरातच्या वाटेवर असताना जुहूच्या समुद्रात चार मुले बुडाली.

उरला प्रश्न सर्वांत वाईट वादळाचा, आणि त्याचे उत्तर अनुभवातून मिळत नाही, कारण मुंबईला थेट धडकलेली भीषण चक्रीवादळे नोंदीत जवळजवळ नाहीतच. ६ जून १८८२ रोजी मुंबईत चक्रीवादळाने लाखभर माणसे मेल्याची हकीकत अनेक याद्यांमध्ये वर्षानुवर्षे छापली गेली. प्रत्यक्षात असे वादळ झालेच नव्हते, आणि जगातील प्राणघातक वादळांच्या यादीत मुंबईला तिचे स्थान एका बनावट नोंदीने मिळवून दिले होते. अमिताव घोष यांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात या शहराच्या धोक्याचा प्रश्न उपस्थित केल्यानंतर अ‍ॅडम सोबेल आणि सहकाऱ्यांनी, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांना सोबत घेऊन, २०१९ मध्ये मुंबईच्या चक्रीवादळ-जोखमीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली रीत समजून घेण्याजोगी आहे: झालेली वादळे मोजकीच असल्याने संगणकावर अरबी समुद्राच्या हवामानाला धरून न झालेली हजारो वादळे निर्माण करायची, त्यांतली किती मुंबईवरून जातात आणि किती जोरात जातात हे पाहायचे, आणि त्यावरून शक्यता काढायची. अभियंते ज्याला 'शंभर वर्षांची लाट' म्हणतात ती याच हिशेबातून येते. शंभर वर्षांत एकदाच येणारी असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी तिची शक्यता एक टक्का असते, आणि पन्नास वर्षे उभ्या राहणाऱ्या तेलमंचाला किंवा समुद्रभिंतीला तिच्याशी सामना करावा लागण्याची शक्यता त्या हिशेबाने जवळपास चाळीस टक्के भरते.

वर्सोव्याच्या तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, या शक्यतांपेक्षा उद्याचा दिवस महत्त्वाचा वाटतो, आणि ते योग्यच आहे. राज्यात मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, पण अरबी समुद्रातली वादळे मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात उठतात. १७ मेचे तौक्ते, ११ नोव्हेंबर २००९ चे 'फयान' आणि २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधील 'ओखी' ही तिन्ही ऐन हंगामातली होती. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरपलीकडे मोबाईल चालत नसल्याने तेथे असलेल्या नौकांना इशारा पोचवण्यासाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये 'जेमिनी' हे उपग्रहावरून संदेश घेणारे यंत्र काढण्यात आले. त्याहून मोलाचा बदल फेब्रुवारी २०२० मध्ये इन्कॉइसने लहान नौकांसाठी सुरू केलेल्या सूचना-सेवेत दिसतो. तीत लाटेची उंची सांगून थांबत नाहीत. लाट किती उभट आहे, ती एकाच दिशेने येते की चोहोबाजूंनी, आणि वाऱ्याने समुद्र किती झपाट्याने खवळतो आहे हे प्रतिमानातून घेऊन नौकेच्या आकाराला धरून एक सुरक्षा-निर्देशांक काढतात, त्यामुळे एकाच दिवशी, एकाच जागी, मोठ्या ट्रॉलरला आणि लहान होडीला वेगवेगळा सल्ला मिळू शकतो.